फाल्गुनरावाला आपण हसतो आणि ऑथेल्लोसाठी रडतो, असं का?

दुसरीघंटा:

बरेच दिवस डोक्यात घोळतंय, म्हटलं इथे टाकावं, नाटकवाले सिनेमावाले बरेच आहेत इकडे.

मध्यंतरी आईला घेऊन संशयकल्लोळचा एक हौशी प्रयोग बघायला गेले होते. पदं कापून कापून अडीच तासांत बसवलेला, पण फाल्गुनराव करणारा माणूस असला धमाल होता की आईला हसून हसून ठसका लागला. आणि त्याच आठवड्यात टीव्हीवर ओंकारा (ऑथेल्लोवरून केलेला हिंदी सिनेमा) लागला, शेवटच्या भागात नेहमीसारखा पोटात गोळा. मग विचार करत बसले की अरे दोन्हीकडे चाललंय तर एकच, नवऱ्याला संशय आलाय आणि पुरावा म्हणून हातात एक फालतू वस्तू आहे, एकीकडे तसबीर, दुसरीकडे कमरपट्टा (शेक्सपिअरच्या मूळ नाटकात रुमाल). त्यापलीकडे दोघांच्याही हातात काही नाही. तरी एकाला टाळ्या आणि दुसऱ्याच्या वेळी हुंदके.

आणि मराठीत या दोन्ही गोष्टी आणल्या कुणी तर एकाच माणसाने, गोविंद बल्लाळ देवलांनी! १८९० ला ऑथेल्लोवरून झुंजारराव आणि १८९३ ला फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा, ज्यात पुढे पदं आली आणि १९१६ मध्ये गंधर्व मंडळीने ते संशयकल्लोळ म्हणून उभं केलं. म्हणजे तीन वर्षांच्या आत तोच रोग एकदा मारायला वापरला आणि एकदा हसवायला.

तर प्रश्न असा की हे ठरतं कशावरून? आणि दुसरं, जे मला जास्त छळतंय, या दोन टोकांच्या मधलं काही आहे का? सिरीयलमध्ये बाईचा मत्सर दाखवायचा झाला की लगेच तिरका कॅमेरा, मोठी टिकली आणि ढॅणढॅण म्युझिक. पुरुषाच्या मत्सराला मात्र स्वगत मिळतं, मागे पाऊस मिळतो, फारच झालं तर पियानो मिळतो. एखादा नुसता साधा, ऑफिसला जाणारा, डबा खाणारा जळकुटा माणूस कुणी लिहिलाय का जो विदूषकही नाही आणि हिरोही नाही? मराठी, हिंदी, बाहेरचं, काहीही चालेल.


तिसरी_रांग:

चांगला धागा. झोप येत नव्हती त्यामुळे सविस्तर लिहितो.

संशयकल्लोळची सुरुवात आठवा. रेवतीला रस्त्यात चक्कर येते, फाल्गुनराव तिला सावरतो आणि नेमकं तेच कृत्तिका वरून बघते, म्हणजे संशय आधी बायकोला येतो! मग ती खाली येते तोवर रेवतीच्या हातून पडलेली तिच्या प्रियकराची, आश्विनशेटची तसबीर हिला सापडते, ती ती बघत उभी असते, आणि आता फाल्गुनराव हिला बघतो. पाच मिनिटांत हिशोब बरोबरीत. दोघंही संशयी, दोघंही मूर्ख, आणि मुख्य म्हणजे कृत्तिकेला तोंड आहे. तो एक बोलला की ती दोन ऐकवते. पूर्ण नाटकात त्याच्या आरोपाला उत्तर मिळाल्याशिवाय राहत नाही आणि म्हणून आपण निर्धास्तपणे हसतो, कारण आपल्याला माहितीये की हिला काही होणार नाही, झालंच तर हाच मार खाईल.

ऑथेल्लोत बघा, तो बायकोला, डेस्डेमोनाला, शेवटपर्यंत सरळ विचारतच नाही की बाई गं तुझं आणि कॅसिओचं काही आहे का. रुमाल कुठाय रुमाल कुठाय करत राहतो. तिला बिचारीला आपल्यावर खटला चालू आहे हेच माहिती नाही, आणि कळतं तेव्हा निकाल लागून गेलेला असतो. माझ्या मते हसू की रडू हे इथेच ठरतं. मत्सर तेवढाच असतो, फरक समोरच्या बाईला किती संवाद दिलेत त्याचा आहे.

दुसरं म्हणजे देवलांच्या नाटकात इयागो, म्हणजे ऑथेल्लोच्या कानात विष ओतणारा माणूस, नाही. सूड उगवायला टपलेला कुणी लागतच नाही, माणसं आपली आपण संशय शिजवतात आणि खातात. यासाठी श्रेय अर्थात मोलिएरलाही जातं, त्याचं मूळ फार्स १६६० चं, त्यावरून आर्थर मर्फीने १७६१ मध्ये इंग्रजीत बेतलं आणि देवलांनी तिथून उचललं, पण भाषा इतकी इथली केली की कुणाला शंकाही येत नाही. गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव गाजला तो उगाच नाही. तो माणूस वाईट नाहीये, घाबरलेला आहे. वय होत चाललंय, बायको तरतरीत आहे. ज्याला ही भीती रंगवता येत नाही तो नट नुसता आरडाओरडा करतो.

एक गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही आणि प्रयोगात ती पटकन निघून जाते. आश्विनशेटला रेवतीचा संशय किती लवकर येतो बघा. तसबीर दुसऱ्याच्या हातात दिसली आणि झालं. कारण ती नायकिणीची मुलगी, म्हणजे शेवटी जातीवर गेलीच असं त्याला आतून वाटतच असतं. फाल्गुनरावाचा संशय वेडा आहे, आश्विनशेटचा संशय समाजाने आधीच लिहून दिलेला आहे. आणि हाच नाटकातला देखणा नायक, याच्याच तोंडी गोड पदं.

अवांतर: पदं कापून अडीच तास?? पुढच्या वेळी न कापलेलं बघा, आईला तीच आवडतील.


मंजिरी_क:

तिसरी_रांग यांचा आश्विनशेटचा मुद्दा एकदम पटला, त्यालाच धरून पुढे.

मला या विषयावर सगळ्यात आधी तेंडुलकरांचं सखाराम बाइंडर आठवतं आणि आश्चर्य म्हणजे सखाराम मत्सरी आहे असं कुणी म्हणतच नाही. १९७२ मध्ये केवढा गदारोळ, सेन्सॉर, कोर्ट, सगळं त्या भाषेवरून आणि उघडपणावरून. पण नाटक मुळात कशावर संपतं? सखाराम पहिल्या अंकापासून छाती ठोकून सांगतोय की आपल्याला लग्नबिग्न मान्य नाही, नवरे लोक बायकोला जनावरासारखं वागवतात, माझ्याकडे तसलं काही नाही, राहायचं तर राहा, पटलं नाही तर चालती हो, लुगडं नि तिकिटाचे पैसे देतो. म्हणजे कागदावर हा माणूस मालकी मानतच नाही. आणि शेवटी त्याच्याकडे राहिलेली लक्ष्मी त्याच्या कानात सांगते की चंपा (तीही त्याच्याकडेच राहणारी) त्याच्या मित्राकडे, दाऊदकडे जाते, तर हाच माणूस चंपाचा गळा दाबून मोकळा. जे नवरे करतात म्हणून हा त्यांना शिव्या घालत होता तेच केलं, आणि त्यातला एकही नवरा (चंपाचा तो फौजदार शिंदे धरून) इतका पुढे गेला नव्हता.

तेंडुलकरांनी यात त्याला मोठं स्वगत दिलेलं नाही हे मला फार महत्त्वाचं वाटतं. खून झाल्यावर तो थिजून बसतो, आणि कामाला लागते ती लक्ष्मी, पुरायचं कुठे कसं ते सगळं तीच बघते. निळू फुल्यांनी तो रोल केला होता, मी अर्थातच बघितलेलं नाही, आई सांगते की शेवटी त्यांच्याकडे बघवत नव्हतं. दुसरीघंटा, तुम्हाला साधा माणूस हवा होता ना, सखाराम छापखान्यात कामाला जातो, मृदंग वाजवतो, पूजा करतो. याहून साधा कुठला आणायचा?

आणि दुसरं उदाहरण अस्तित्व. महेश मांजरेकरांचा, २००० चा, मराठी आणि हिंदी एकदमच केला होता. तब्बू आणि सचिन खेडेकर. पुण्याचं सुखवस्तू घर, आणि एक दिवस बायकोच्या जुन्या गाण्याच्या मास्तरांचं मृत्युपत्र येतं, सगळी इस्टेट हिच्या नावाने. आता यावर नवरा करतो काय? भांडत नाही, रडत नाही. जुन्या डायऱ्या काढतो आणि तारखा लावत बसतो, त्या महिन्यात मी कुठे टूरवर होतो, परत कधी आलो, मुलगा कधी झाला. मला आख्ख्या सिनेमात तो सीन सगळ्यात भयानक वाटतो, कारण तो माणूस ऑडिट करतोय! बायकोचं ऑडिट. स्वतः टूरवर काय काय केलं ते त्या डायरीत नसतं, ते तिलाच काढून दाखवावं लागतं.

ही गेलेल्या काळाबद्दलची जेलसी मला पुरुषांत जास्त दिसते. ज्या गोष्टीला पंचवीस वर्षं झाली, तो माणूस मेला, तरी आज रात्री जेवण जात नाही.


आळशी_उंट:

तुम्ही सगळे देवल तेंडुलकर घेऊन बसलात पण पब्लिक जेलसी शिकलं हिंदी पिक्चरमधून त्यावर कुणी बोलेना म्हणून मीच बोलतो.

हिंदीतला नियम सोपा आहे, जळणारा हिरो असेल तर ते प्रेम, व्हिलन असेल तर ते वेड, बाकी दोघं करतात अगदी सेम. १९४९ चा मेहबूबचा अंदाज घ्या, नर्गिस नवऱ्यावर प्रेम करतेय, दिलीपकुमारशी नुसती मोकळेपणाने वागते, राज कपूर जळून खाक होतो, आणि शेवटी जेलमध्ये कोण जातं तर नर्गिस. म्हणजे चूक कुणाची तर हसून बोलणाऱ्या बाईची. संगम, १९६४, इथेही वस्तू आहेच बघा, बिनसहीचं प्रेमपत्र. नवऱ्याला, सुंदरला ते सापडतं आणि मग तो बायकोला, राधाला जो पिडतो की बोल कोण तो, नाव सांग नाव सांग, आणि आपण थेटरात बसून बिचारा सुंदर म्हणतो कारण तो पियानोवर गातोय! मरतो त्याचा दोस्त गोपाळ. राधाला काय हवंय ते विचारायचं या दोन दोस्तांना सुचत नाही.

आता माझी खरी पोस्ट. अग्निसाक्षी, १९९६. त्या काळात एका अमेरिकन पिक्चरवरून आपल्याकडे दोन वर्षांत तीन निघाले, याराना, दरार आणि हा, तिन्हीत संशयी मारकुटा नवरा आणि पळून जाऊन नवं आयुष्य सुरू करणारी बायको. गोष्ट बायकोची आहे. पण अग्निसाक्षी आठवतो कुणामुळे? नाना पाटेकर. आमच्या तालुक्याच्या टॉकीजला नाना आला की शिट्ट्या पडायच्या, जॅकी श्रॉफ हा खरा चांगला नवरा पण त्याच्या सीनला लोक मुतायला जायचे. नानाला त्यासाठी सहायक अभिनेत्याचं नॅशनल अवॉर्ड मिळालं आणि मिळायलाच पाहिजे होतं, काम तसंच आहे. पण शेजारचा दादा तेव्हा कॉलेजात पोरीशी बोलताना नानाच्या स्टाइलमध्ये मान हलवून बोलायचा, हे पण मी बघितलंय. दिग्दर्शकाने हा माणूस भीतीदायक केला आणि पब्लिकने त्याचा हिरो करून टाकला. मग दोष कुणाचा? नानाचा तर नाही.

डर मध्ये पण तेच, त्यात तर शाहरुख नुसता प्रेमात पडलेला एकतर्फी, नवरा सनी देओल, सगळी सहानुभूती कुठे गेली सांगायला नको.

@तिसरी_रांग बाईला किती डायलॉग आहेत यावर ठरतं हे मला पटतं, फक्त पिक्चरमध्ये त्यात अजून एक घाला, क्लोजअप कुणाला जास्त.


तिसरी_रांग:

उंटराव, क्लोजअपचं मान्य. मुतायला जाण्याचं न लिहितासुद्धा पोचलं असतं :)


खिडकीतला:

दुसरीघंटा यांचा दुसरा प्रश्न जास्त रंजक आहे, हिरोही नाही विदूषकही नाही असा कुणी. मला वाटतं उत्तर असं की मोठ्या लेखकांनी तो एकाच माणसात एकाच वेळी दोन्ही केलाय, आणि तिथेच खरी मजा आहे.

टॉलस्टॉयची क्रॉइत्झर सोनाटा, १८८९. रेल्वेच्या डब्यात एक माणूस, पोझ्दनिशेव्ह, रात्रभर सहप्रवाशाला सांगत बसतो की मी बायकोला कसं मारलं. बायको पियानो वाजवते, घरी एक व्हायोलिनवाला यायला लागतो, दोघं मिळून बीथोव्हेन वाजवतात, झालं. हा परगावी असतो, मनात चित्रं रंगवत रंगवत अचानक घरी येतो. आता बघा, दबक्या पावलांनी जायचं म्हणून तो बूट काढून ठेवतो, भिंतीवरचा खंजीर उचलतो, आत घुसतो. व्हायोलिनवाला पळतो. हा त्याच्यामागे धावणार इतक्यात याच्या लक्षात येतं की आपण नुसत्या मोज्यांवर आहोत, आणि बायकोच्या यारामागे मोज्यांवर धावणं हास्यास्पद दिसेल, आणि आपल्याला हास्यास्पद दिसायचं नाहीये, भयंकर दिसायचंय. म्हणून तो वळतो आणि बायकोकडे जातो.

मी हे वाचलं तेव्हा पुस्तक खाली ठेवलं. म्हणजे त्या क्षणी बूट पायात असते तर कदाचित ती बाई वाचली असती! फाल्गुनराव आणि झुंजारराव यांच्यामध्ये फक्त मोजे आहेत. आपण हास्यास्पद दिसतोय की काय या भीतीनेच तो खुनी होतो. देवलांची दोन नाटकं टॉलस्टॉयने एका परिच्छेदात बसवलीत.

आणि या पुस्तकाच्या मागची गोष्ट पुस्तकाइतकीच जबरी आहे. रशियात त्यावर बंदी आली, ती उठवायला १८९१ मध्ये स्वतः झारला जाऊन भेटली कोण, तर टॉलस्टॉयची बायको सोफिया, जिला आख्खं जग म्हणत होतं की ही तुझ्याच संसाराची गोष्ट. भेटून आली आणि संग्रहात छापायची परवानगी मिळवली. आणि गुपचूप स्वतः त्याला उत्तर म्हणून एक कादंबरिका लिहिली, तोच प्रसंग बायकोच्या बाजूने, जी छापली गेली शंभरेक वर्षांनी. पुढे मुलगा वारल्यावर ती तानेयेव्ह नावाच्या संगीतकाराच्या पियानोत जीव रमवायला लागली तेव्हा म्हातारा टॉलस्टॉय खरोखरच जळायला लागला, म्हणजे आधी पुस्तक लिहिलं आणि मग त्यात राहायला गेला.

पण माझं सगळ्यात आवडतं उदाहरण ब्राझीलचं आहे, दों कास्मुरो, माशादो द आसिस, १८९९. इथे नवरा स्वतः निवेदक आहे, बेंतिन्यो, वकील माणूस, अतिशय गोड बोलतो, विनोदी आहे, शांतपणे सांगतो की माझी लहानपणापासूनची मैत्रीण आणि बायको कॅपितू हिने माझा मित्र एस्कोबारशी संधान बांधलं आणि मुलगा त्याचा आहे. पुरावा काय? मुलगा मित्रासारखा दिसतो, आणि मित्र बुडून मेला तेव्हा कॅपितू प्रेताकडे जरा जास्तच बघत होती. बास. गंमत म्हणजे मधे हा गृहस्थ थेटरात जाऊन ऑथेल्लो बघतो! आणि ते बघून काय शिकतो तर, डेस्डेमोना निर्दोष असून मेली, मग माझी दोषी बायको तर मरायलाच हवी. आख्खं नाटक बघितलं आणि बरोबर उलटा अर्थ घेऊन घरी आला.

आता खरी कमाल वाचकांची. साठेक वर्षं बहुतेक सगळे वाचक आणि समीक्षक बेंतिन्योवर विश्वास ठेवून कॅपितूला व्यभिचारी म्हणत राहिले. १९६० मध्ये हेलन कॉल्डवेल या अमेरिकन अनुवादक बाईंनी आख्खं पुस्तक लिहून दाखवलं की अहो हा माणूस वकिली करतोय, हा ऑथेल्लो पण हाच आणि इयागो पण हाच. तेव्हापासून ब्राझीलमध्ये तो वाद अजून चालू आहे.

मंजिरी_क यांच्या डायऱ्यांच्या सीनशी हे जुळतं. जळणारा माणूस गप्पा मारण्यात पटाईत असतो, पुरावे तोच गोळा करतो आणि न्यायाधीशही तोच. आपल्याला तो आवडतो कारण त्याच्याशिवाय दुसरं कुणी बोलतच नसतं.

आणि अगदी साधा माणूस हवा असेल तर प्रूस्तचा स्वान. रात्री प्रेयसी ओदेतच्या घराखाली उभा, खिडकीत उजेड, आत कुणीतरी आहे, याचं काळीज धडधड. धीर करून खिडकी ठोठावतो. खिडकी उघडते तर आत दोन म्हातारे गृहस्थ, हा चुकीच्या घराखाली उभा होता! खून नाही, खंजीर नाही. माफ करा म्हणून घरी गेला आणि पुढची कित्येक पानं तसाच जळत राहिला.


मंजिरी_क:

मोज्यांचं वाचून अंगावर काटा आला. सोफियाची कादंबरिका शोधते आता.

यात आजची गोष्ट कुणी लिहिली पाहिजे खरं तर. माझी एक मैत्रीण कौटुंबिक समुपदेशन करते, तिच्याकडे येणारे नवरे काय घेऊन येतात? स्क्रीनशॉट. रात्री पावणेबाराला ऑनलाइन होती, मला गुडनाइट अकरा वाजताच केलं होतं. प्रिंट काढून फाइल लावून आणलेले. हा आजचा रुमाल. आणि तो माणूस एकदम व्यवस्थित, शर्ट इन केलेला, आवाज न चढवता बोलणारा. याच्यावर मराठीत चांगलं काही आलेलं असेल तर सांगा.


आळशी_उंट:

पावणेबाराला बाकी बायका ऑनलाइनच असतात, वर्गाच्या ग्रुपवर पोळीचं मशीन घ्यावं का यावर चर्चा चालू असते.


घाटपांडे_नाही:

धागा बायको आणि प्रेयसीभोवतीच फिरतोय, थोडा बाहेर नेतो. पुरुषाचा पुरुषाबद्दलचा जळफळाट आपल्याकडे जास्त चांगला लिहिला गेलाय असं माझं मत. दुर्योधन मयसभेत पाय घसरून पाण्यात पडतो आणि घरी येऊन शकुनीला म्हणतो की पांडवांचं ते वैभव बघून मला झोप लागत नाही, सभापर्वातला तो भाग वाचा, कुठल्याही आधुनिक कादंबरीच्या तोंडात मारेल. त्यात बाई नाहीच, आणि तरी शेवटी भर सभेत ओढून आणली जाते कोण? द्रौपदी.

कट्यार काळजात घुसली पण घ्या. दारव्हेकरांचं नाटक १९६७ चं, वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब, त्यात त्या माणसाचा जळफळाट आणि त्याचं गाणं दोन्ही एकाच गळ्यातून येतं म्हणून ते सहन होतं. २०१५ च्या सिनेमात मात्र एक गोष्ट खटकली, प्रतिस्पर्धी गायक पंडितजींना शेंदूर खायला घालून आवाज घालवायचं पाप खाँसाहेबांच्या बायकोच्या माथी मारलंय. म्हणजे मत्सर नवऱ्याचा, हात घाण झाले बायकोचे. खाँसाहेब परत मोकळे, आपण परत त्यांच्यासाठी हळहळायला तयार. आळशी_उंट म्हणतात ते क्लोजअपचं गणित इथे पण लागू.

आणि अभिमानचं नाव अजून कुणी कसं काढलं नाही? १९७३, हृषिकेश मुखर्जी. तिथे दुसरा पुरुषच नाही! नवरा गायक, बायको गायिका, बायकोची मागणी वाढते आणि हा कुढायला लागतो. डेव्हिडचं पात्र लग्नाच्या पार्टीतच तिचं गाणं ऐकून ओळखतं की ही याच्यापेक्षा वरचढ आहे, आणि काळजीत पडतं. अमिताभचा सुबीर मला हवा तसा साधा माणूस वाटतो, दारू पितो, टोमणे मारतो, कार्यक्रमाला यायचं टाळतो, हात उगारत नाही. दुसरीघंटा, हेच तुमचं मधलं उदाहरण.


दुसरीघंटा:

केवढे प्रतिसाद! सगळ्यांना उत्तर देते.

घाटपांडे_नाही, अभिमानच्या पहिल्या दोन तृतीयांश भागाबद्दल शंभर टक्के सहमत. टॅक्सी, गर्दी, सही मागणारे लोक हिच्याकडे येतात तेव्हाचा अमिताभचा चेहरा, काही न बोलता. पण शेवट मला कायम टोचतो. उमा गाणं सोडते तरी याचं मन भरत नाही, मूल जातं, ती मुकी होऊन बसते, आणि मग कुठे याला पाझर फुटतो आणि स्टेजवर दोघं मिळून गातात आणि आपण डोळे पुसतो. म्हणजे ती स्पर्धेतून पूर्ण बाद झाल्यावर याचा मत्सर बरा झाला. ती टॉपला असतानाच याने तिच्यासोबत उभं राहून दाखवलं असतं तर गोष्ट होती. गाणं अप्रतिम आहे हा भाग वेगळा, मी पण रडते.

तिसरी_रांग, बाईला उत्तर द्यायला मिळणं हा मुद्दा घेऊन मी ओंकारा पुन्हा आठवून बघितला. डॉलीला (तिथली डेस्डेमोना) खरंच बोलायला मिळत नाही, पण इंदू आहे, लंगड्याची (तिथला इयागो) बायको. कमरपट्टा उचलून नवऱ्याच्या हातात आणून देणारी तीच, आणि सगळं कळल्यावर लंगड्याला कापणारी पण तीच. ऑथेल्लोत इयागोची बायको एमिलिया बोलते आणि त्यासाठी नवऱ्याच्या हातून मरते, भारद्वाजने २००६ मध्ये हत्यार तिच्या हातात दिलं. तो एक बदल मला सगळ्या सिनेमात सगळ्यात मोठा वाटतो. आणि लंगडा त्यागीचं दुखणं बाईवरून नाहीच, बाहुबलीचं पद केसूला (तिथला कॅसिओ) गेलं यावरून आहे, म्हणजे घाटपांडे_नाही म्हणतात ती पुरुषाची पुरुषावरची आग आणि त्यात भाजली डॉली.

मंजिरी, सखारामबद्दल तुम्ही लिहिलंत ते आजच पुन्हा वाचायला काढते, मी ते नाटक कायम लक्ष्मी विरुद्ध चंपा असंच वाचत आले.

खिडकीतला, दों कास्मुरो कुठे मिळेल आणि जड आहे का? माझं इंग्रजी वाचन बेताचं आहे.


खिडकीतला:

इंग्रजी अनुवाद एकापेक्षा जास्त आहेत, ऑनलाइन दुकानात सहज मिळतील. जड अजिबात नाही, १४८ प्रकरणं आहेत पण कित्येक पान दीड पानाची. सुरुवातीला जरा धीर धरा, आईने नवस केलेला असतो की पोरगा पाद्री होईल आणि याला तर कॅपितूशी लग्न करायचंय, त्यात बराच वेळ जातो. तो भाग पटपट उरकू नका, ती पोरगी चौदाव्या वर्षी किती हुशार आहे हे तिथे कळतं, आणि पुढे हा वकील तिच्या त्याच हुशारीला पुरावा म्हणून वापरतो.

एकच विनंती, आधी कुणाचं परीक्षण वाचू नका (माझं वाचलंत, आता इलाज नाही). वाचून झालं की इथेच येऊन सांगा, कॅपितूने केलं होतं की नाही.


तिसरी_रांग:

मी पण मागवलं. माझं मत आत्ताच नोंदवून ठेवतो, केलं असेल तर बरं केलं.


मंजिरी_क:

तिसरी_रांग 😂😂